गुलाबी पाणी

गेल्या रविवारी फोनवर तू माझ्याकडे जांभळ्या खड्यांची पुडी मागितलीस. तिकडच्या दुकानांत सुगंधी पाण्याच्या तयार पिचकाऱ्या मिळतात, पण त्यांनी वास जात नाही, आजीचं गुलाबी पाणीच बरं, असं म्हणालीस. वर हसून म्हणालीस, "आजी, पार्सलवर मसाला म्हणून लिही." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. इकडे थंडी पडली आहे, तुरीच्या शेंगा आल्या आहेत, असं काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. माझ्या पाठीमागे तुमची आत्या त्याच शेंगा सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती पुडी मी पाठवणार नाही. का, ते फोनवर सांगायला गेले तर मी पुन्हा थंडीवर बोलत बसेन, म्हणून लिहिते आहे. हे तुझ्या धाकट्या भावानेही वाचावं. आपल्या घरात अशा गोष्टी पुरुषांना कधी सांगितल्या नाहीत. तुमच्या आजोबांना तर शेवटपर्यंत वाटत होतं की बाथरूममधली ती छोटी बाटली तोंड आल्यावर गुळण्या करायची आहे. एकदा त्यांनी केल्याही होत्या.

जांभळे खडे माझ्या आयुष्यात माझ्या वडिलांमुळे आले. ते आरोग्य खात्यात होते आणि तिवसा भागातली गावं त्यांच्याकडे होती. पटकीची साथ आली की ते सायकलला पत्र्याचा डबा बांधून निघत आणि गावोगावच्या विहिरींत ते खडे टाकत. लोक त्याला लाल दवा म्हणत. एका सुट्टीत मी हट्ट धरून त्यांच्याबरोबर गेले. खडे पाण्यात पडले तसे त्यांचे जांभळे धागे निघाले आणि हळूहळू खाली उतरत गेले. मग वडिलांनी दोरीने बादली वरखाली केली आणि सगळी विहीर गुलाबी झाली. काठावर बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "सायेब, हे पानी पेवाचं हाय का रंग उडवाचा?" सगळ्या हसल्या. वडीलही हसले. "रंग जाऊ द्या, मग प्या," म्हणाले.

त्या गावातली साथ थांबली. घरी येताना सायकलच्या दांडीवर बसून मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली, की जे पाणी गुलाबी होतं ते शुद्ध होतं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. पुढे इंग्रजी शाळेत शिकले, बी.एस्सी. झाले, अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना लेबलं लावायची सवय घरात आली. माझ्या हळदीच्या डब्यावर इंग्रजीत हळद लिहिलेलं बघून तुम्ही दोघं किती हसायचात. पण त्या आठ वर्षांच्या मुलीने जे पक्कं केलं होतं ते मी कधी तपासून पाहिलं नाही.

लग्न होऊन मी वलगावच्या शेतकरी घरात गेले. तिथे पाळी आली की चार दिवस दूर बसायचं. मागच्या ओसरीत वेगळं अंथरूण, वेगळा पेला, आणि कशाला शिवायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की घरात यायचं. इंग्रजी शिकलेल्या मुलीला ते किती लागलं असेल याची तुम्हाला कल्पना येणार नाही. तीन वर्षांनी आम्ही अमरावतीत, राजापेठेत बिऱ्हाड केलं, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी ते बंद केलं. पाळी आलेली असताना मी स्वयंपाक केला, आणि तुमच्या आजोबांनी दोन वाट्या वरण मागून घेतलं. त्या दिवशी मला फार मोठं काही जिंकल्यासारखं वाटलं होतं.

पण चार दिवस दूर बसणं गेलं तरी पाचव्या दिवसाचं पाणी माझ्या मनातून गेलं नव्हतं. त्याच सुमारास विवाहित स्त्रियांच्या आरोग्यावरचं एक इंग्रजी पुस्तक माझ्या हाती आलं. त्यात आतून धुण्याची पद्धत आकृतीसह दिली होती. माझ्याकडे प्रयोगशाळा होती, खडे होते, आणि औषधाच्या दुकानात रबरी पिचकारी मिळत होती. मगभर पाण्यात तीन-चार दाणे टाकायचे, रंग गुलाबाच्या पाकळीइतका फिका आला पाहिजे. पाचव्या दिवशी एकदा, आणि मग आठवड्यातून एकदा. मी ते वेळापत्रकात बसवलं आणि कधी चुकवलं नाही.

माझ्या सासूबाई एकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे येऊन राहिल्या. डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि उरलेल्या एका डोळ्याने घरभर लक्ष. मी मगात पाणी कालवत होते, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काव, हे काय लाल करून राहिली?"

"औषध आहे."

"कायचं?"

"आतून धुवायचं. जंतू मरतात."

"आतून?" त्या खळखळून हसल्या. "काहून? ते का चरवी हाय, राख लावून घासाले?"

"शहरात असंच करतात. पुस्तकात आहे."

"असंन पुस्तकात. माह्या डोयाचा डाक्टर त मने, डोयाले पानी बी लावू नका आजी. डोयाले कोनी साबन लावते काय वं? जे आपलं आपन साफ होते, त्याच्यात हात काहून घालाचा?"

मी पाणी कालवत राहिले. रात्री तुमच्या आजोबांना हा किस्सा सांगून मी हसले. एक अक्षर न वाचलेली बाई मला शास्त्र शिकवते आहे, याचं मला हसू आलं होतं. चार दिवस सुनेला ओसरीत बसवणाऱ्या बाईचं मी काय म्हणून ऐकायचं?

तुमची आत्या मोठी झाली तेव्हा मी तिला कुठेही बसवलं नाही. ती मंदिरात गेली, लोणच्याच्या बरणीत हात घातला, गणपतीची आरती केली. फक्त पाचव्या दिवशी मी तिला तो मग दिला. तिने विचारलं, "आई, मी घाण झाले का?" मी म्हणाले, "नाही गं, म्हणून तर धुवायचं." ती तेरा वर्षांची होती आणि हुशार होती, तरी या उत्तरात काय चुकतं आहे ते तिला कळलं नाही. मलाही कळलं नाही. शाळेत मोठ्या वर्गांतल्या मुली माझ्याकडे काही विचारायला यायच्या, त्यांनाही मी हेच सांगितलं. मी वाणसामानापासून लग्नाच्या आहेरांपर्यंत सगळ्याच्या याद्या ठेवते. किती मुलींना हे सांगितलं, त्याची यादी माझ्याकडे नाही.

आणि तू. नऊ वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, तू इथे असताना तुला पहिल्यांदा पाळी आली. तुझी आई तिकडे होती. तू घाबरली होतीस. मी तुला जवळ घेतलं, दूध दिलं, आणि पाचव्या दिवशी तो मग हातात दिला. तुला तो रंग फार आवडला होता.

आता आत्याचं लिहिते. गेल्या वर्षी तू मला विचारलं होतंस की आत्याला मूल का नाही, आणि मी म्हणाले होते, देवाची इच्छा. ते मी टाळण्यासाठी म्हणाले होते.

लग्नानंतर ती अकोल्याला गेली. तिथे ती बँकेत आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या सामानात मी लेबल लावलेली बाटली आणि नवी पिचकारी दिली होती. अकोल्यात नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येतं, निळ्या ड्रमात भरून ठेवावं लागतं, भांड्यांना पुरवायचं, कपड्यांना पुरवायचं. त्यातूनही ती या कामासाठी मगभर पाणी बाजूला काढायची. लग्नानंतर दीडेक वर्षाने तिने मला फोनवर सांगितलं की अंगावरून पांढरं जातं आहे आणि वास येतो आहे. बँकेत शेजारी बसणाऱ्या बाईला वास जात असेल का, या विचाराने ती दिवसभर अवघडून बसायची. मी म्हणाले, "दिवसाआड धू." थोड्या दिवसांनी म्हणाले, "रोज धू." डॉक्टरकडे जा, असं मी म्हणाले नाही. एवढ्यासाठी डॉक्टर कशाला, घरात औषध आहे.

सात वर्षांपूर्वी तिला दिवस गेले. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. सगळं नीट चाललं होतं. सहावा महिना संपून आठवडा झाला, आणि एका दुपारी बँकेतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या तिचं पाणी फुटलं. तिला वाटलं, चुकून लघवी झाली. लाजेने ती अर्धा तास तशीच बसून राहिली, समोरच्या माणसाचं पासबुक भरून दिलं, आणि मग मला फोन केला. मी बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत जावयाचा फोन आला की मुलगी झाली आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे, फार लहान आहे.

ती दोन दिवस होती. तिच्या फुप्फुसांना वेळ मिळाला नव्हता आणि तिच्या रक्तात जंतू गेले होते.

तिसऱ्या दिवशी आत्या औषधाने झोपली होती तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावलं. चाळिशीच्या असतील. "काकू, बसा. पुढच्या वेळेसाठी मला काही गोष्टी माहीत हव्यात. ती उठली की तिलाही विचारीन, पण तुम्हाला ठाऊक असेल तेवढं सांगा."

मी ताठ बसले. प्रश्नांची उत्तरं देणं मला नेहमीच आवडत आलं आहे.

"साखर?"

"नाही. आमच्या घरात कुणालाच नाही."

"तंबाखू, खर्रा?"

"आमच्याकडे?"

"विचारावं लागतं, काकू. चांगल्या चांगल्या घरच्या बायका पदराआड खातात. आधी कधी दिवस जाऊन पडलं होतं?"

"नाही."

"अंगावरून पांढरं जायचं? वास यायचा?"

"यायचा. पण ती काळजी घ्यायची."

"काय काळजी?"

"रोज आतून धुवायची. पोटॅशियम परमँगनेटने. लहानपणापासून मीच सवय लावली आहे." हे मी अभिमानाने म्हणाले. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीच्या आईसारखी.

त्यांनी लिहिणं थांबवलं. मग सावकाश, मला लागू नये अशा आवाजात बोलल्या. "काकू, तिथे चांगले जंतू असतात. दह्यात असतात ना, त्यांच्याच गोतावळ्यातले. ते थोडा आंबटपणा राखतात, त्यामुळे वाईट जंतूंना तिथे बस्तान बसवता येत नाही. आपण धुऊन त्यांनाच हाकलून लावतो. मग मोकळ्या जागेत दुसरे येऊन राहतात. वास त्यांचा असतो. वास आला की आपण आणखी धुतो, आणि ते आणखी वाढतात. दिवस गेलेले असताना ते वर सरकले, तर पाणी वेळेआधी फुटू शकतं."

"म्हणजे हे माझ्यामुळे झालं?"

"असं मी म्हणणार नाही. कुणालाच म्हणता येणार नाही. कितीतरी बायका धुतात आणि त्यांची मुलं पुऱ्या दिवसांची होतात. कितीतरी धूत नाहीत, तरी पाणी फुटतं. मी कारण सांगत नाही, जोखीम सांगते आहे. पण हे आता बंद झालं पाहिजे. तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल. मी कागदावरही लिहून देते."

घरी चाळीस वर्षं मी रोज दुधाला विरजण लावत आले. त्या दुधात परमँगनेटचे चार दाणे टाकले तर दही लागणार नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी दर वर्षी ते वर्गात शिकवत होते, जंतुनाशक म्हणजे काय, आणि ते चांगलं-वाईट ओळखत नाही.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाई गावाला गेल्या, आत्याशी बोलायचं राहूनच गेलं, आणि दवाखान्यातून सुट्टी मिळाली तेव्हाही त्या परतल्या नव्हत्या. दुसऱ्या एका डॉक्टरने कागद दिले. शेवटच्या कागदावर त्यांच्या हाताने इंग्रजीत एक ओळ होती, आतून धुणं पूर्ण बंद करावं. मी ती वाचली. कागदांना भोकं पाडली, क्रमाने फाईलला लावले, फाईलवर नाव घातलं, आणि अमरावतीला आल्यावर ती फाईल माझ्या कपाटात ठेवली. आपल्या घरातले सगळे कागद मीच सांभाळते. ती कपाटात का गेली, असं कुणीही विचारलं नसतं, आणि कुणी विचारलं नाही.

आत्या सव्वा महिना माझ्याकडे होती. ती यायच्या आधीच मी बाथरूममधली बाटली काढून टाकली.

"आई, बाटली कुठे आहे?"

"संपली."

"आणू का येताना?"

"राहू दे. सध्या नको."

सध्या. दुसरं काही बोलायला मला जमलं नाही. रोज सकाळी ठरवायचे, आज चहाच्या वेळी सांगते. चहाच्या वेळी ती खिडकीशी बसून ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत असायची. तिचं दूध आलं होतं, ते थांबायला गोळ्या चालू होत्या. अशा मुलीला, "ही जोखीम मीच माझ्या हाताने तुला दिली," हे कसं सांगायचं? मी स्वतःची समजूत घालायचे, डॉक्टर म्हणाल्याच आहेत की नक्की सांगता येत नाही. त्या बाईंनी ते वाक्य मला धीर यावा म्हणून दिलं होतं. मी त्याच्याआड लपून बसले.

वर्षाने तिला पुन्हा दिवस गेले. तिसरा महिना होता तेव्हा मी अकोल्याला गेले. तिच्या बाथरूममध्ये पांढरा प्लास्टिकचा मग होता, आणि त्याच्या आतल्या बाजूला, वरपासून दोन बोटं खाली, तपकिरी कडं उमटलेलं होतं. परमँगनेटचा डाग मला लांबूनही ओळखता येतो. आमच्या प्रयोगशाळेच्या ओट्यावर तो होता, माझ्या बोटांवर तो कित्येक वर्षं होता. आरशामागच्या फळीवर बाटली होती. मी दिलेली नव्हे, अकोल्यातल्या दुकानातली.

मी स्वयंपाकघरात जाऊन लिंबू कापलं. लिंबाने तो डाग जातो. बाथरूमचं दार लावून घेतलं आणि तो मग पांढराशुभ्र होईपर्यंत घासला. बाटली पर्समध्ये टाकली. बाहेर आले तर ती विचारत होती, "आई, लिंबू कशाला कापलंस?"

"सरबत करू म्हटलं. तुझ्या तोंडाला चव नाही ना."

"वा! माझ्या मनातलं कळतं तुला."

आम्ही दोघी समोरासमोर बसून सरबत प्यायलो. ती त्या दिवशी खूप हसत होती. शेजारणीच्या पोराची नक्कल करून दाखवली, अगदी त्याच्यासारखे गाल फुगवून. कितीतरी महिन्यांनी ती हसत होती, आणि ते हसू मोडायला माझी जीभ उचलली नाही. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत आले. तिने अर्थातच नवी बाटली आणली. जुनी कुठे गेली म्हणून थोडी शोधली असेल, इतकंच.

पाचव्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. या वेळी पेटीत ठेवण्यासारखंही काही नव्हतं.

या वेळी तपासण्या दुसरीकडे चालू होत्या, पण ऐनवेळी नेलं तिथे डॉक्टरीणबाई त्याच होत्या. आत्या शुद्धीवर होती, उशाला टेकून बसली होती, जावई औषधं आणायला खाली गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळचे कागद आहेत का?" आणि मी पिशवीतून फाईल काढून दिली. निघताना सवयीने घेतली होती. दवाखान्यात जाताना मी कागद कधी विसरत नाही.

त्यांनी पानं उलटली. शेवटच्या पानावर थांबल्या. आत्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही अजून आतून धुता?"

"हो. रोज. का?"

"मी तेव्हाच लिहून दिलं होतं, बंद करा म्हणून. काकूंशी बोललेही होते."

आत्याने फाईल हातात घेतली. ती ओळ तिने दोनदा वाचली असावी, कारण डोळे पुन्हा मागे गेले. तुम्हाला माहीत आहे, ती एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलते, पण आतून हलली की तिच्या आजीची बोली तिच्या तोंडात येते.

"तुले मालूम होतं, आई?"

मी हो म्हणाले.

"मंग तो मग कोनं घासला? तूच घासला ना? मले वाटलं मोलकरनीनं घासला. मी तिले शाबासकी देल्ली."

डॉक्टर मध्ये पडून पुन्हा तेच सांगू लागल्या, की नक्की कारण कुणीच सांगू शकत नाही, गर्भपिशवीचं तोंडही कमजोर असू शकतं, आता आपण तपासू, औषध देऊ. आत्याने ते शांतपणे ऐकलं. मग फाईल मिटून माझ्याकडे न देता स्वतःच्या उशाखाली ठेवली. ती अजून तिच्याकडेच आहे.

पुढे तिने उपचार घेतले आणि वास गेला. गोळ्यांच्या एका आठवड्यात गेला, ज्यासाठी ती पाच वर्षं धूत होती. मूल होऊ द्यायचं की नाही, हे तिने आणि जावयांनी त्यांचं ठरवलं. मी विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका. दोन वर्षं आमचं बोलणं फोनवर एवढंच होतं. "पाणी आलं का?" "आलं." "ड्रम भरले?" "भरले." मग हळूहळू ती यायला लागली. सकाळी यायची, संध्याकाळी जायची. या हिवाळ्यात पहिल्यांदा आठ दिवस राहायला आली, शेंगा सोलायला बसली, आणि तुझा फोन आला.

फोन ठेवल्यावर मी शेंगांची टोपली पुढे ओढली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिले सांग. मले नाही सांगितलं, तिले सांग."

तर ऐक. तुला वास येतो आहे, म्हणजे तुला डॉक्टर हवा आहे, खडे नकोत. तिकडच्या डॉक्टरकडे जा, लाजू नकोस, किती दिवसांपासून आहे आणि काय काय वापरलंस ते सगळं सांग. आतून काही घालायचं नाही, पिचकारी नाही, सुगंधी पाणी नाही, साबण नाही. बाहेरून साधं पाणी पुरतं. तू अस्वच्छ नाहीस. तू कधीच नव्हतीस, तेराव्या वर्षीही नाही, आणि पाचव्या दिवशी तो मग तुझ्या हातात देण्याचं काहीही कारण नव्हतं. सासूबाईंनी मला चार दिवस बाहेर बसवलं, पण माझ्या शरीरात काही बिघडलं आहे असं त्यांना वाटत नव्हतं. ते मला वाटत होतं. मी ते इंग्रजीत शिकले आणि मराठीत तुम्हाला दिलं. आज त्या असत्या तर मी त्यांना सांगितलं असतं की तुमचं डोळ्याचं बरोबर होतं.

इथपर्यंत लिहून मी काल हे कागद आत्याला वाचायला दिले. ती टेबलाशी बसून वाचत होती आणि मी ओट्याशी पाठमोरी उभी राहून उगाचच धुतलेली भांडी पुसत होते. मग ती म्हणाली, "ते डॉक्टरांचं, की नक्की सांगता येत नाही, ते लिहिलं आहेस."

"काढू का?"

"नको. राहू दे. खरंच आहे ते."

मी वळले. ती रडत नव्हती. एका ओळीवर बोट ठेवून बसली होती.

"पण इथे तू नुसतं लिहिलं, ती दोन दिवस होती. आणि लगेच तिसऱ्या दिवसावर गेलीस." तिने कागद माझ्याकडे सरकवला. "ती कशी होती ते लिही ना. त्या दोघांना कोणी सांगितलं हाय?"

मी पेन घेऊन बसले आणि तिने सांगितलं तसं लिहून घेतलं. पेटीच्या बाजूला हात आत घालायला गोल झाकण होतं. त्यातून आत्याने बोट आत नेलं, तर तिने ते धरलं, डाव्या हाताने. तिचा तळहात आत्याच्या नखापेक्षा थोडाच मोठा होता. पाय सारखे हलायचे, एका जागी राहायचे नाहीत. डोळे एकदाच किंचित उघडले. रंग माझ्या सासूबाईंवर गेला होता, सावळा. आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांवर बारीक काळी लव होती, उजेडात दिसणारी.